कुंदाकाकूंची बोंडं

"माझ्या बोंडांना काही करणार नाही न हा?" कुंदाकाकूंनी विचारलं.

पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी त्यांच्या काचेच्या टाकीत तरंगत होती आणि पिशवीत मासा होता. फ्लेम एंजल. आकाराने जेमतेम बिस्किटाएवढा, पण रंग असा की खोलीतल्या सगळ्यांचं बोलणं थांबलं होतं. अंग लालभडक, त्यावर काळे उभे पट्टे, परांच्या टोकांना निळी किनार.

"काकू," मी म्हणालो, "मी आणून राहिलो न."

सगळे हसले. काकूंचे यजमान भास्करकाका पोह्यांवर तर्री ओतत होते, ते तिथूनच म्हणाले, "संपलं मंग. निशीनं सांगितलं म्हणजे मासाही ऐकते."

काकू मात्र हसल्या नाहीत. पिशवीला बोट लावून त्यांनी माशाकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या टाकीत किती दिवस होता?"

"तीन महिने."

"आणि माझी पाच बोंडं आहेत न तुझ्याकडे? त्यांना तोंड नाही लावलं?"

"नाही."

काकूंनी कात्रीनं पिशवी कापली. जानेवारीतला पहिला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. या गोष्टीला तेरा वर्षं झाली.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला होतो, आणि समुद्री माशांमधलं नागपुरात माझ्याइतकं कोणाला कळत नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. समुद्र जिथून आठशे किलोमीटरवर आहे, त्या गावात असं मत बाळगणं फार अवघड नव्हतं. घरात कोरल, म्हणजे समुद्रातलं जिवंत प्रवाळ, वाढवणारे आम्ही सगळे मिळून सात जण. मीठ पाण्यात कालवून समुद्र तयार करायचा, उन्हाळ्यात तो थंड ठेवायचा, लाइट गेली की धावाधाव करायची. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं आणि तर्री-पोहे खात एकमेकांच्या टाक्यांना नावं ठेवायची.

माझ्याकडे एक वही होती. कोरलच्या टाकीत कुठला मासा टाकावा, कुठला टाकू नये, याची. तिच्यात तीन रकाने होते: 'चालतो', 'चालत नाही' आणि 'बघून घ्या'. क्लाउन फिश, गोबी, कार्डिनल हे पहिल्या रकान्यात. बटरफ्लाय, ट्रिगर, पफर हे दुसऱ्यात, कारण ते कोरल सरळ खातात. तिसऱ्यात अशी मंडळी, जी आज साधुसंतासारखी फिरतात आणि उद्या कोरलचा लचका तोडतात. फ्लेम एंजल जगभरच्या हौशी लोकांच्या लेखी या तिसऱ्या रकान्यातला. माझ्या टाकीत तो अडीच महिने शहाण्यासारखा वागला आणि मी तो खोडून पहिल्या रकान्यात लिहिला. डिसेंबरच्या बैठकीत तसं जाहीरही केलं. एकानं शंका काढली, तर त्याला म्हणालो, "पुस्तकं वाचून मासे पाळायचे दिवस गेले, डोळ्यांनी पाहायला शिका." लोकांनी ऐकून घेतलं. लोक माझं ऐकायचे, आणि ती सवय मला फार आवडायची.

काकूंची बोंडं म्हणजे काय ते सांगायला हवं. कुंदा उमाठे यांनी तीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंटचं काम केलं. "तीस वर्षं मी बरण्यांतली मेलेलीच जनावरं पुसली रे," त्या म्हणायच्या. "बरणी आणा बाई, बरणी ठेवा बाई." निवृत्त झाल्यावर त्यांनी चार फुटांची टाकी घेतली आणि बंगळूरच्या एका माणसाकडून कोरलची दोन बोंडं मागवली. इंग्रजीत त्याला कॅन्डी केन म्हणतात. दगडी दांडी असते आणि तिच्या टोकाला मांसल, हिरवट, फुगीर गोळा. काकू वर्ध्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातल्या, त्यांना ती कापसाची बोंडं दिसली. एका बोंडाची हळूहळू दोन होतात. नऊ वर्षांत दोनाची त्रेसष्ट झाली होती. दर सोमवारी त्या मोजायच्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहायच्या.

नागपुरातल्या आम्हा सगळ्यांकडचं पहिलं कोरल काकूंचंच. आमच्यात एक रीत होती. पहिला तुकडा विकायचा नाही, द्यायचा. पुढे देणाऱ्याच्या टाकीतलं सगळं मेलं, तर घेणाऱ्यानं त्यातलाच तुकडा परत आणून द्यायचा. असं कोरल सात घरांत राहतं आणि मरत नाही, असं काकूंचं म्हणणं होतं.

आणि त्या वर्षी त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट व्हायची होती. त्याच कॉलेजानं प्राणिशास्त्र विभागात जिवंत कोरलची टाकी मांडायचं ठरवलं होतं. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, काकूंनी त्यात तीस बोंडं लावायची आणि विद्यार्थ्यांपुढे बोलायचं. ज्या हॉलमध्ये त्या तीस वर्षं बरण्या घेऊन मागच्या दारानं गेल्या, तिथे समोर उभं राहून बोलायचं. त्यासाठी त्यांनी नवी वही आणली होती आणि भास्करकाकांना समोर बसवून भाषण म्हणून दाखवायच्या. काका सांगायचे, "आता मले पाठ झालं, मीच जातो."

फ्लेम एंजल त्या निमित्तानं दिलेली भेट होती. सगळ्यांच्या वतीनं.

आता मी त्या रविवारी काय सांगितलं नाही, ते सांगतो.

डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मी चहा पीत टाकीपासून लांब बसलो होतो. मासा दगडामागून आला, अंग तिरकं केलं, बोंडापाशी थांबला आणि टचकन लचका तोडला. बोंड मिटलं. त्यानं पुन्हा तोडला. मी उठून जवळ गेलो, तर तो दगडामागे. आठवडाभरात काकूंच्या पाच बोंडांपैकी तीन साफ झाली, नुसत्या पांढऱ्या दांड्या उरल्या.

चारू, माझी बायको, माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "अहो, हा खातोय की काय?"

"चाखून पाहतो कधीकधी."

"तीन बोंडं चाखून संपवली?"

मी टाकीवरचा दिवा बंद केला.

"दुकानात परत द्या न मग."

नागपुरात समुद्री मासे विकणारं तेव्हा एकच दुकान होतं आणि तो दुकानदार म्हणजे आमचं वर्तमानपत्र. त्याला मासा परत केला असता, तर तासाभरात सगळ्यांना कळलं असतं की निशिकांतनं पहिल्या रकान्यात घातलेला मासा कोरल खातो. डिसेंबरमध्येच जाहीर केलेलं, आणि डिसेंबरमध्येच तोंडावर आपटायचं. तेवढ्यात काकूंना काय भेट द्यायची याची फोनाफोनी सुरू झाली. मी म्हणालो, माझा फ्लेम एंजल देतो. सगळे थक्क झाले. "एवढा देखणा मासा देऊन राहिला?" मी म्हटलं, काकूंपेक्षा काय जास्त आहे.

"त्यांच्याकडे पण खाईल की," चारू म्हणाली.

"मोठ्या टाकीत असं करत नाहीत. पोट भरलं असलं की करत नाहीत."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"माहीत आहे."

माहीत नव्हतं. तशी मला आशा होती, आणि त्या आशेला मी माहिती म्हणत होतो.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी काकूंचा फोन आला. "निशी, बोंडं फुलून नाही राहिली रे. येऊन जाशील का?"

मी कारखान्यातून सरळ सक्करदऱ्याला काकूंकडे गेलो. एका बाजूची दहा-बारा बोंडं आत ओढली गेली होती, दोन-तीन ठिकाणी दांडीची कड उघडी पडली होती. काकूंनी टेबलावर काचेच्या नळ्या मांडून ठेवल्या होत्या. मीठ, क्षार, तापमान, सगळं तपासून कागदावर लिहिलं होतं.

"सगळं बरोबर येऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "मग काय बिघडलं? तू पाहा जरा. मी चहा टाकते."

मी नळ्या उजेडात धरून गंभीरपणे पाहिल्या. मग टाकीपासून मागे सरलो आणि पाठ करून उभा राहिलो. समोर लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला आरसा. आरशात टाकी पूर्ण दिसत होती. मिनिटभरात मासा बाहेर आला. तिरका झाला. टचकन तोडला, थुंकला, परत तोडला.

"दिसलं काही?" काकू कप घेऊन आल्या होत्या.

त्या एका वाक्यात सांगून होण्यासारखं होतं. काकू, मासा खातोय, माझं चुकलं, आता काढू. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि मासा काढला असता. बावन्न-त्रेपन्न बोंडं तरी वाचली असती.

"नाही काकू," मी म्हणालो. "पाण्याचंच काहीतरी आहे. अर्धं पाणी बदलून पाहू."

"मासा तर नाही न?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांची नजर होती ती.

"हा? हा नाही करणार."

"बरं," काकू म्हणाल्या. "तू म्हणतो तर बरं."

पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या घरी मीठ कालवलं, बादल्या वाहिल्या, पंप उघडून धुतले. रविवारी सकाळी आठला जायचो तो दुपारी निघायचो. खरं सांगतो, बादल्या वाहताना मला बरं वाटायचं. एवढे कष्ट घेणारा माणूस लबाड कसा असेल, असं माझं मलाच वाटायचं. काकू तिकडे शेजारणीला सांगायच्या, पोटचा मुलगा करणार नाही एवढं करून राहिला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. पंधराव्या दिवशी सांगायचं म्हणजे पंधरा दिवसांचा हिशेब द्यावा लागला असता, आणि सोळाव्या दिवशी सोळा. मी रोज उद्यावर ढकलत गेलो. कॅलेंडरवर त्रेसष्टचे पन्नास झाले, पन्नासचे एकेचाळीस.

काकूंनी घरात उदबत्ती बंद केली. डासांची बत्ती बंद केली. फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल टाकू नको म्हणून कामवालीला बजावलं. शोध चालू होता आणि प्रत्येक शोधाला मी मान हलवत होतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी बादल्या विसळून निघालो, तर फाटकाशी भास्करकाका उभे होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, जाडजूड आणि थट्टेखोर. मासे त्यांना मुळीच कळायचे नाहीत, पण सकाळी आठला टाकीत खाणं टाकायचं काम त्यांचं होतं. बाही वर करून मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचे आणि मासे त्यांच्या बोटांना येऊन लागायचे. "मले ओळखते लेकाचे," असं ते येईल त्याला सांगायचे. त्यांना खर्रा खायची सवय होती. प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घोटायची आणि दिवसभर गालात ठेवायची. चाळीस वर्षांची सवय.

"निशी, थांब बे जरा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुले एक विचारू? तुह्या काकूले सांगू नको."

"बोला न काका."

"खर्र्याचा हात पाण्यात गेला तं काही होते का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"म्हणजे कसं," ते म्हणाले, "मी हात धुतो. रोज धुतो. पण संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी घाईत तसाच घातला होता. मले आठवते. तवापासूनच बिघडलं न?"

तंबाखू टाकीला वाईट, हे खरंच आहे. आमच्यातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं तेच सांगितलं असतं. पण या टाकीत काय झालं ते मला माहीत होतं, मी ते आरशात पाहिलं होतं. समोर अडुसष्ट वर्षांचा माणूस उभा होता आणि त्याला एक शब्द हवा होता. 'नाही.' तेवढा एक.

"होऊ शकते, काका," मी म्हणालो.

"होऊ शकते की होते?"

"तंबाखू वाईटच न पाण्याला."

काकांनी उजव्या हाताची बोटं वर करून पाहिली. तर्जनी आणि अंगठा खर्र्यानं लाल झालेले होते. "म्हणजे म्याच मारलं," ते म्हणाले. "नऊ वर्षाचं तिचं, म्या एका दिवसात..." मग त्यांनी मला फाटक उघडून दिलं.

मी स्कूटर चालवत घरी आलो. वाटेत मला सुटल्यासारखं वाटत होतं. कारण सापडलं होतं, आता कोणी माशाकडे पाहणार नव्हतं. हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

सांगू नको म्हणणाऱ्या काकांनी त्याच संध्याकाळी स्वतःच काकूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, आवाज चिरका झालेला. "सापडलं रे कारण. घरातच होतं. मी यांना किती वेळा म्हटलं होतं, त्या घाणीचा हात पाण्यात घालू नका म्हणून." मागून काकांचा आवाज येत नव्हता. एरवी काकूंचा फोन चालू असला की ते मागून काहीतरी टोमणा मारायचेच.

पाण्यातलं विष शोषायला आम्ही कोळशाच्या पिशव्या टाकीत सोडल्या, पुन्हा पाणी बदललं. काकांनी खर्रा त्या दिवशी सोडला तो सोडलाच. टाकीच्या खोलीत येणंही सोडलं. दाराच्या चौकटीशी उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, आणि तिथूनच विचारायचे, "किती राहिले?" काकू आकडा सांगायच्या. बाकी दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हती. मी बादल्या उचलायचो.

आकडा उतरतच राहिला. चौतीस. सव्वीस.

बावीस फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, आमच्या दाराची बेल वाजली. चारूनं दार उघडलं. बाहेर काकू, हातात झाकणाची बादली, आणि त्यांच्या मागे काका.

"फोन नाही केला रे," काकू आत येत म्हणाल्या. "म्हटलं, जाऊन घेऊनच येऊ. माझ्याकडे एकोणीस राहिली, त्यातली धड सोळा. कॉलेजात निदान बरी दिसतील एवढी तर पाहिजेत. तुझ्याकडच्या पाचाची आता सात-आठ झाली असतील न? ती दे. कॉलेजची टाकी वाढली की पुन्हा देईन तुला."

रीतच होती ती. मागायला त्यांना संकोच नव्हता, आणि नसायलाच हवा होता.

"काकू, बसा न, पाणी घ्या," मी म्हणालो. "मी काढून आणून देतो संध्याकाळी."

"आता आलेच आहे तर पाहू दे." आणि त्या टाकीपुढे जाऊन वाकल्या.

मी मागे उभा होतो. काकूंच्या खांद्यावरून मला जे दिसत होतं, तेच त्यांना दिसत होतं. दोन बोंडं टम्म फुगलेली, हिरवीगार, दीड महिन्यात पुन्हा भरून आलेली. आणि शेजारी तीन नुसत्या दांड्या. त्यांच्यावर शेवाळ चढून जुनं झालेलं.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग काचेवर बोट ठेवून त्या दांड्यांच्या कडा पाहत राहिल्या. रोगानं मेलेलं कोरल कसं दिसतं आणि तोडून खाल्लेलं कसं दिसतं, हे बरण्या पुसणाऱ्या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"हे केव्हाचं?" त्यांनी विचारलं.

काय काय सांगता आलं असतं, ते सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. लाइट गेली होती. हीटर बिघडला होता. मी तोंड उघडलंही होतं, पण चारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"डिसेंबर," मी म्हणालो.

"शेवट?"

"हो."

"म्हणजे तो माझ्याकडे यायच्या आधीचं."

"हो."

काकू सरळ झाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या वळल्या त्या काकांकडे. काका चपलांपाशीच उभे होते, आत आले नव्हते, हात पाठीमागे बांधलेले.

"इकडे या," काकू म्हणाल्या.

"नको, इथंच बरा आहे."

"या म्हणते न."

काका चार पावलं आले. काकूंनी त्यांचा पाठीमागचा हात ओढून पुढे घेतला आणि दोन्ही हातांत धरला. "तुमचं काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तुमचा हात नव्हता त्यात. मासा खात होता. मी पंधरा दिवस तुमच्याशी..." काका आधी गोंधळले, टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फाटकाशी त्यांना काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. काका डावा हात काकूंच्या पाठीवर ठेवून थोपटत राहिले.

"काकू, मी..." मी म्हणालो.

"सापळा आहे न तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "मासे धरायचा. तेवढा दे."

मी सापळा दिला. ती दोन बोंडं काढून बादलीत ठेवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. भरून येऊन राहिली, उगीच हलवू नको." दोघं निघून गेली. चारू स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

अठ्ठावीसला मी रजा टाकली. जायला तोंड नव्हतं, पण न जाण्याचीही हिंमत नव्हती. हॉल भरलेला होता, साठ-सत्तर मुलं-मुली, पुढे प्राध्यापक मंडळी. मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसलो. थोड्या वेळानं कोणीतरी शेजारची खुर्ची ओढली. भास्करकाका होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. "सरक बे," ते म्हणाले, आणि बसले.

टेबलावर काकूंनी टाकी ठेवली होती. तीसच्या जागी सोळा बोंडं. शेजारी एका ताटात उघड्या दांड्या, ओळीनं लावलेल्या. आणि काचेच्या वेगळ्या पेटीत फ्लेम एंजल, पहिल्या दिवसाइतकाच देखणा. काकूंनी नव्या वहीतलं भाषण केलंच नाही. वही बंद करून बाजूला ठेवली आणि मुलांना एकेक दांडी हातात दिली.

"बोट फिरवा कडेवरून," त्या म्हणाल्या. "काय लागते? खरखरीत लागते न? आजारानं मेलं असतं तर साल निघून गेली असती, कड गुळगुळीत राहिली असती. हे तोडलेलं आहे. हा मासा वाईट नाही. समुद्रात तो हेच करते, तिथे कोरलही भरपूर आहे. माझ्या चार फुटांत नव्हतं. चूक माशाची नाही, माशाला निवडणाऱ्याची आहे."

पुढच्या रांगेतल्या प्राध्यापिका लिहून घेत होत्या. तीस वर्षं ज्यांच्यासाठी बरण्या आणल्या, त्या लिहून घेत होत्या.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, हा मासा कोरलसोबत चालतो असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मॅडम. काकूंनी तो शब्द ऐकला असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग हळूहळू हॉलच्या मागच्या बाजूला पाहिलं. त्यांनी मला येताना पाहिलं होतं.

"आमच्यातल्याच एका जाणकारानं," त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. त्यांना तहान नव्हती. त्या सावकाश पाणी पीत होत्या, एकेक घोट, आणि ग्लासच्या वरून शेवटच्या रांगेकडे बघत होत्या. माझ्यासाठी केलेली जागा होती ती. उभं राहायचं आणि म्हणायचं, मी सांगितलं होतं, आणि मला माहीत होतं.

मी उठलो. अर्धा उठलो. समोरच्या खुर्चीची पाठ मी धरली होती.

बाजूनं काकांनी माझा शर्ट ओढला. "बस बे," ते कुजबुजले. "आज तिचा दिवस आहे. तुह्या रडारडीत कायले घालवतो?"

मी बसलो. काकूंनी ग्लास खाली ठेवला आणि पुढचा प्रश्न घेतला.

काकांनी बसवलं म्हणून बसलो, असं मी चारूला सांगितलं. पुढे आमच्या बैठकीत सगळं कबूल केलं, तेव्हा त्यांनाही तसंच सांगितलं, आणि लोकांना ते पटलं. काका गेले त्याला आता चार वर्षं झाली, त्यांना विचारणार कोण. पण मला ठाऊक आहे. काकांच्या हातानं माझा शर्ट धरला, त्याच्या आधीच परत बसायला माझे गुडघे वाकले होते.